रेडिओला उलट विचारायची सोय

रंग ऐकवता येतात असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता. पण न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी रेडिओवर 'रेडिओलॅब' म्हणून एक कार्यक्रम आहे, त्यांनी २०१२ मध्ये हेच केलं. प्रश्न असा होता की इंद्रधनुष्य आपल्याला दिसतं तसंच बाकीच्या प्राण्यांना दिसतं का, आणि हा प्रश्न घेतला कुठे तर रेडिओवर, जिथे दाखवायला काहीच नाही. मग त्यांनी एक मोठा कोरस बोलावला आणि सांगितलं, कुत्र्याचं इंद्रधनुष्य गा. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे थोडेसेच सूर. मग माणूस, तीन प्रकारच्या पेशी, सूर वाढले. मग फुलपाखरू, अजून वाढले. आणि शेवटी मँटिस श्रिम्प, समुद्राच्या तळाशी बिळात राहणारा कोळंबीचा लांबचा नातलग, त्याच्याकडे म्हणे सोळा प्रकारच्या पेशी, आणि तिथे अख्खा कोरस एकदम सुटतो. मी तेव्हा शर्टांना इस्त्री करत होतो, इस्त्री उभी करून ठेवली आणि ते परत मागे नेऊन ऐकलं. खरंच काटा आला अंगावर.

मग २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी या प्राण्याची चक्क परीक्षा घेतली. समोर दोन ऑप्टिकल फायबर, दोन्हीतून वेगवेगळ्या रंगाचा उजेड, शिकवलेल्या रंगाकडे गेला तर खाऊ. रंगांत भरपूर फरक असला की गडी पास. मग ते दोन रंग एकमेकांच्या जवळजवळ आणत गेले, आणि फरक पंचवीस नॅनोमीटरच्या (प्रकाशाच्या लहरीची लांबी मोजायचं माप) खाली उतरायला लागला तसं त्याला काही कळेना. माणूस एक ते चार नॅनोमीटरचा फरक ओळखतो. म्हणजे पेशी डझनाने, पण रंगांतला बारीक फरक ओळखण्यात आपल्यापेक्षा कच्चा. त्याचा डोळा रंगांची आपसात तुलना करत बसत नाही बहुतेक, समोर आला तो रंग पटकन ओळखला आणि विषय संपला, असं काहीसं त्या संशोधकांचं म्हणणं. 'सायन्स' मध्ये पेपर छापून आला, आणि तरी आज कुणालाही विचारा, जगात सगळ्यात जास्त रंग कुणाला दिसतात, लोक मँटिस श्रिम्पचंच नाव घेतात. कारण पेपर वाचला मूठभर लोकांनी आणि तो कोरस ऐकला लाखोंनी, आणि कानाने पटलेली गोष्ट डोक्यातून काढायला फार जड जाते.

रेडिओलॅबची चूक होती असं मी म्हणत नाहीये हां. २०१२ ला जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं, आणि रेडिओलॅब सुरू करणाऱ्या जॅड अबुमराड या माणसाने विज्ञानाच्या कार्यक्रमाला जो आवाज दिला तो त्याच्याआधी कुणी दिला नव्हता. मुळात तो संगीत शिकलेला, त्यामुळे मुलाखत तो बंदिशीसारखी कापायचा, वाक्य अर्ध्यावर थांबवायचा, मध्येच दुसरा आवाज, मग पहिला परत. २०११ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. माझा मुद्दा वेगळा आहे. आवाज इतका पटवतो की ज्याच्या हातात माईक आहे त्याला उलट विचारणारं कुणीतरी लागतं, आणि रेडिओत काय किंवा पॉडकास्टमध्ये काय, नेमकी तीच सोय नसते.

आवाज किती पटवतो यावर पण अभ्यास झालाय, अर्थातच. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ, २०१८. त्यांनी शास्त्रज्ञांची भाषणं आणि 'सायन्स फ्रायडे' या रेडिओ कार्यक्रमातल्या मुलाखती लोकांना ऐकवल्या, काहींना स्वच्छ आवाजात, काहींना खराब लाईनवरून आल्यासारख्या. माणूस तोच, शब्द तेच. पण आवाज खराब असला की ऐकणाऱ्यांना संशोधनही हलकं वाटलं आणि संशोधकही कमी हुशार वाटला! हे वाचल्यापासून ते जाड काळे माईक आणि भिंतीवरचा फोम बघितला की मला जरा हसू येतं. आपल्याकडे सध्या जो पॉडकास्ट नावाचा प्रकार चालू आहे, दोन खुर्च्या, मागे झाड, आणि कुणीतरी 'सर' दीड तास मेंदू, गट हेल्थ (म्हणजे आतड्याचं आरोग्य) आणि डोपामीनवर बोलतायत, त्यातलं निम्मं आपण त्या माईकमुळेच मान्य करत असू. समोरचा होस्ट फक्त "वाव" म्हणतो. एकदा तरी "सर, हे कुणी तपासलंय का?" असं विचारा ना राव.

माणसाच्या वागण्याबद्दलचे कार्यक्रम तर यात जास्त सापडतात. शंकर वेदांतम यांचा 'हिडन ब्रेन' मी आवडीने ऐकतो, आवाज मऊ, गोष्ट सांगायची हातोटी जबरदस्त, आणि बहुतेक भागांत एक मानसशास्त्रज्ञ, त्याचा एक किस्सा आणि त्याचा एक प्रयोग. अडचण अशी की २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रयोग वेगवेगळ्या टीमनी पुन्हा करून बघितले, तर मूळ निकाल साधारण एकतृतीयांश प्रयोगांतच ठामपणे परत मिळाला. पॉडकास्टवाल्यांचा लाडका मार्शमॅलोचा प्रयोग घ्या, थांबलं तर दुसरी मिळेल म्हणून ज्या पोराने समोरची गोळी लगेच खाल्ली नाही ते पुढे आयुष्यात पुढे गेलं, हा. २०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांवर तो परत तपासला तर परिणाम निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात धरलं तर जेमतेम उरला. ज्या घरात उद्याची खात्री नाही त्या घरातलं पोर आजची गोळी आजच खाणार, त्यात त्याच्या संयमाचा काय दोष? पण ही दुसरी गोष्ट कानाला तितकी गोड लागत नाही. पहिलीत एक मूल आहे, एक गोळी आहे, दुसरीत एक तक्ता आहे. तक्त्याला पार्श्वसंगीत कसं देणार?

एकच कार्यक्रम मी असा ऐकलाय ज्याने स्वतःची गोष्ट स्वतःच मोडली. शिकागोत १९९५ मध्ये सुरू झालेला आयरा ग्लासचा 'धिस अमेरिकन लाईफ'. २०१२ च्या जानेवारीत त्यांनी माईक डेझी नावाच्या रंगमंचावरच्या कलावंताची गोष्ट लावली, तो चीनमध्ये शेंझेनला गेला, अ‍ॅपलची उपकरणं बनतात त्या फॉक्सकॉनच्या कारखान्याबाहेर उभा राहिला, कामगारांना भेटला, त्यांचे हाल ऐकले. त्या कार्यक्रमाचा तोवरचा सगळ्यात जास्त डाऊनलोड झालेला भाग. मग शांघायला असलेल्या रॉब श्मिट्झ या रेडिओ पत्रकाराने डेझीची दुभाषी शोधून काढली, आणि तिने सांगितलं की यातलं बरंच काही घडलंच नाही. हेक्झेन नावाच्या रसायनाने बाधलेले कामगार आपल्याला भेटले असं डेझी सांगत होता. तसे कामगार खरे होते, पण ते सुझौ शहरात, तिथून शेकडो मैल लांब, आणि हा त्यांना कधी भेटलाच नव्हता. मार्चमध्ये त्यांनी अख्खा भाग मागे घेतला, आणि त्यासाठी दुसरा अख्खा भाग केला, त्यात आयरा ग्लास डेझीला समोर बसवून एकेक गोष्ट विचारतो.

आणि डेझी गप्प बसतो. मी हे एसटीत ऐकत होतो, घाट चालू होता, मला वाटलं रेंज गेली, फोन काढून बघितला तर सेकंद पुढे सरकतायत. म्हणजे एपिसोड चालू आहे आणि आत कुणी बोलत नाहीये. रेडिओवाले एरवी श्वाससुद्धा कापतात, आणि इथे त्यांनी ती शांतता तशीच ठेवली. मग खूप वेळाने एक बारीकसं वाक्य येतं, परत शांतता. शेजारच्या सीटवरचे काका खिडकीला डोकं टेकून घोरत होते आणि मी तिकडे एका माणसाचं खोटं सापडताना ऐकत होतो, कसंतरीच झालं. लाज या गोष्टीवर कितीही लेख वाचा, असं कळणार नाही.

पण तिथे विचारणारा बरोबर होता आणि सांगणारा खोटा, त्यामुळे ऐकणाऱ्याला सोपं गेलं. सोपं नसतं तेव्हा काय होतं ते परत रेडिओलॅबमध्येच बघायला मिळतं, त्याच वर्षी, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये. विषय 'यलो रेन', पिवळा पाऊस.

थोडा इतिहास सांगावा लागेल. लाओसच्या डोंगरातले हमोंग लोक व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएच्या बाजूने लढले. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेली, हे मागे राहिले, आणि नव्या सरकारच्या फौजा त्यांच्या मागे लागल्या. मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये पोचलेले लोक सांगायचे की आकाशातून पिवळं काहीतरी पडायचं, झाडांची पानं जळायची, माणसं आजारी पडून मरायची. १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी जाहीर आरोप केला की हे विषारी अस्त्र आहे आणि त्यामागे सोव्हिएत युनियन आहे. मग हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी ते पिवळे डाग तपासले. त्यात परागकण. १९८४ मध्ये ते थायलंडच्या जंगलात गेले, तर त्यांच्याच अंगावर पिवळा पाऊस पडला! रानमधमाश्या थव्याने उडून एकदम विष्ठा टाकतात, ती उंचावरून पडते, माश्या दिसतही नाहीत. झालं, विज्ञानाच्या कार्यक्रमाला यापेक्षा सुंदर गोष्ट काय पाहिजे. महासत्ता एकमेकींवर अस्त्रांचे आरोप करतायत आणि निघाली काय तर माश्यांची शी.

फक्त रेडिओलॅबने त्या पावसातून जगून आलेल्या एका माणसालाही बोलावलं. एंग यांग, अमेरिकेत मिनेसोटात राहणारे, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत आणायला त्यांची पुतणी, लेखिका काओ कालिया यांग. सहसूत्रधार रॉबर्ट क्रुलविच विचारत राहिले. विमानातून पडताना तुम्ही स्वतः पाहिलंत का? मधमाश्या होत्या का तिथे? काका सांगतायत की आमच्या गावात लोक मेले, क्रुलविच म्हणतायत ते ठीक, पण त्या पिवळ्या पावडरचं काय. पत्रकार म्हणून प्रश्न चुकीचा नाही, कोर्टात वकील हाच विचारेल. पण ऐकताना तुम्हाला कळतं की खोलीतली हवा बदलतेय. पुतणी काकांचं वाक्य इंग्रजीत करता करता स्वतःच बोलायला लागते, आवाज फुटतो, आणि ती मुलाखत थांबवते. काकांना वाटलं होतं की तीस वर्षांनी का होईना कुणीतरी आपल्या लोकांच्या मरणाबद्दल विचारतंय. इथे सगळं अडलं होतं ते पिवळ्या डागांपाशी.

त्यानंतर स्टुडिओत सूत्रधार आपसात बोलतात आणि तिथे क्रुलविच तिच्याबद्दल म्हणतात की तिला गोष्ट फक्त आपल्याच बाजूची करायची होती. लोक भडकले. क्रुलविच यांनी नंतर आपल्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल लेखी माफी मागितली. काओ कालियाने आपली बाजू दुसरीकडे लिहिली, तिचं एक म्हणणं मला फार लागलं, शास्त्रज्ञांची ओळख पदं आणि विद्यापीठांसकट आणि काकांची ओळख नुसती एक हमोंग माणूस.

मी हा भाग बऱ्याच जणांना ऐकायला लावलाय आणि दरवेळी भांडण होतं. माझा एक मित्र फिजिक्स शिकवतो, तो म्हणतो मेसेलसन बरोबर आहेत, रडल्याने परागकणांचं रसायन होत नाही. त्याच्या बायकोचं म्हणणं, मग माणसं कशाने मेली ते तरी शोधा, डागांचं उत्तर मिळालं म्हणजे मेलेल्यांचं मिळालं का? मला स्वतःला वाटतं डागांबद्दल शास्त्रज्ञ बरोबर होते, आणि तरी तो कार्यक्रम अर्धाच झाला, कारण एडिटिंगच्या टेबलावर काका नव्हते. शेवटचं वाक्य कुणाचं हे ज्याने ठरवलं त्याचीच गोष्ट झाली. यांग कुटुंबाला उत्तर द्यायला दुसरा दरवाजा शोधावा लागला.

माझी आजी रेडिओला उत्तर द्यायची. नगरकडचं आमचं गाव, ओट्यावर मर्फीचा सेट, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा, कुणी साहेब सांगत असायचे की पेरणीआधी जमिनीत पुरेशी ओल आहे याची खात्री करावी. आजी शेंगा फोडत फोडत म्हणायची, "ये की हितं, बघ मग ओल हाय का ते!" आम्हा पोरांना ते विनोदी वाटायचं. साहेब पुढे बोलतच राहायचे, ती पण थांबायची नाही.

आणि मग बऱ्याच वर्षांनी मला कळलं की आमच्याच भागात एकदा रेडिओने हे उलटं बोलणं ऐकून घ्यायची व्यवस्था केली होती. १९५६ साल. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने जवळपास दीडशे गावांत 'रेडिओ फार्म फोरम' चालवले, कॅनडात १९४१ पासून असाच प्रकार चालू होता त्यावरून. पाच मराठी जिल्हे. प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचं मंडळ, एक रेडिओ सेट, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि मंडळाने चर्चा करायची, आणि जे प्रश्न निघतील ते लिहून पुण्याला पाठवायचे, पुणे केंद्राने पुढे त्यांची उत्तरं द्यायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे ब्रीदवाक्य.

याचा अभ्यास मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केला आणि तो करणारा माणूस पॉल न्यूराथ. व्हिएन्नाचा. १९३८ मध्ये नाझींनी पकडला, डाखाऊ आणि बुखेनवाल्ड दोन्ही छळछावण्या भोगून सुटला, अमेरिकेत गेला, तिथे कोलंबिया विद्यापीठात रेडिओ-संशोधनात काम केलं, आणि मग आला कुठे तर आमच्या ज्वारी-बाजरीच्या गावांत, शेतकऱ्यांना रेडिओवरून काय कळलं ते मोजायला. त्याने फोरमची गावं घेतली, रेडिओ आहे पण फोरम नाही अशी गावं घेतली, रेडिओच नाही अशीही घेतली, आणि कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. फोरमच्या गावांत लोकांचं ज्ञान भरपूर वाढलं. नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने फारच थोडं. सेट तोच, स्टेशन तेच! फरक पडला तो नंतरच्या बोलण्याने.

मला हा निकाल कुठल्याही कोरसपेक्षा भारी वाटतो. १९५९ पासून ही योजना देशभर नेली, मंडळं हजारोंनी झाली, आणि हळूहळू विरत गेली. माझं मत विचाराल तर ट्रान्झिस्टरने तिला मारलं, रेडिओ चावडीवरून उठून ज्याच्या त्याच्या खांद्याला लटकला, आणि आता तर तो कानातच गेलाय. तुम्ही बसमध्ये एकटे ऐकताय, शेजारचा वेगळंच ऐकतोय, मोठ्याने उलट बोललात तर लोक बघतील. खाली कॉमेंट टाकता येते म्हणा, पण तिला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं, पुणे केंद्र बांधील होतं.

आपल्याकडे अशा कार्यक्रमाला विषय नाही असं थोडंच आहे. जुन्नरचे बिबटे घ्या. २००१ च्या सुमाराला वनखात्याने तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लावला, आणि विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला तर माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते ते नंतर सतरावर गेले. पकडून हलवल्याने हल्ले कमी होत नाहीत, वाढतात. आकडा स्वच्छ आहे, मला पटतो. आता हा आकडा घेऊन ज्या घरातलं पोर उसाच्या कडेने नेलं त्या आईसमोर बसा, ती म्हणणार पिंजरा लावा, आजच्या आज लावा. यलो रेनचाच पेच, फक्त आपल्या भाषेत, आपल्या उसात. त्यात परत लाईट रात्रीची, म्हणजे पाणी द्यायला माणूस अंधारात रानात जाणारच. शास्त्रज्ञ, फॉरेस्ट गार्ड, ऊसतोड कामगार, ती आई, आणि रात्रीचं वेळापत्रक लावणारा वीज कंपनीचा इंजिनिअर, सगळ्यांचे आवाज एका जागी मी तरी अजून ऐकलेले नाहीत.

करायचं तर असं करावं असं माझ्या डोक्यात आहे: कच्चा भाग आधी तिथल्याच गावात, देवळापुढे स्पीकर लावून ऐकवायचा, लोक जे काय बोलतील, शिव्या घालतील ते रेकॉर्ड करायचं, आणि ते घातल्याशिवाय पक्का करायचा नाही. त्या आईने एखादं वाक्य काढा म्हटलं तर त्यावर भांडण होईल, होऊ दे, ते भांडणही आत ठेवू. रेकॉर्डिंगला सध्या माझ्याकडे फोन आहे आणि एक स्वस्तातला कॉलर माईक, त्यात वारा फार येतो. कुणाकडे बरा रेकॉर्डर असेल आणि दिवाळीनंतर चार दिवस मोकळे असतील तर कळवा, नारायणगावला माझा मेहुणा असतो, राहायची सोय होईल.